लॉगिनविना दिसणारे बायोडेटा: इंदूरच्या एका वधू-वर केंद्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

इंदूरमधल्या मराठी कुटुंबांसाठी चालणारं हे एक जुनं वधू-वर सूचक केंद्र. नाव देत नाही. ओळख पटेल असे एक-दोन तपशीलही बदलले आहेत. कार्यालय म्हणजे राजवाड्याजवळच्या एका वाड्यातली खोली, दोन लोखंडी कपाटं आणि रविवारी सकाळी रजिस्टर उघडून बसणारे निवृत्त काका-काकू. नोंदणी करणारी कुटुंबं इंदूरची, देवास-धारची, उज्जैनची, थोडी ग्वाल्हेरची. ज्यांची लग्नं जमवायची ती मुलं-मुली मात्र बहुतांशी पुण्यात, नाहीतर बेंगळुरूत. रविवारी रामबागेतून रिक्षानं येऊन फाइल चाळणं आई-वडिलांना जमतं, मुलांना कुठलं जमायला? म्हणून वेबसाइट आली.

साइट एका सभासदाच्या ओळखीतल्या मुलानं केली होती. पीएचपी (पानं तयार करणारी भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस), शेअर्ड होस्टिंग (अनेक साइटींनी वाटून घेतलेला भाड्याचा सर्व्हर), सी-पॅनेल (तो सांभाळायचं पॅनेल). पुढे तो नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला आणि साइट होती तशी चालत राहिली. सर्व्हरवर पीएचपी ५.६ होतं, ज्याचे सुरक्षा अपडेट २०१८ च्या अखेरीस बंद झाले. कोड वाईट नव्हता. एकट्यानं, शिकता शिकता लिहिलेला होता, आणि पाच पानांची साइट पंचवीस पानांची होताना जे होतं ते त्याचंही झालं होतं.

प्रत्येक बायोडेटात काय असतं ते मराठी वाचकाला सांगायला नको, तरी एकदा एकत्र वाचून बघा: पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, गोत्र, नाडी, शिक्षण, कंपनी, पगार, घराचा पत्ता, वडिलांचा मोबाइल, आईचं माहेर, फोटो. शेजारच्या माणसालाही आपण एका दमात एवढं सांगत नाही. ‘आईचं माहेरचं आडनाव’ हा तर कित्येक ठिकाणी पासवर्ड विसरल्यावर विचारला जाणारा प्रश्न.

अडचण कशी समोर आली

देवासच्या एका गृहस्थांचा फोन चुकून अनोळखी नंबरवर लागला. समोरच्या माणसानं हा नंबर कुणाचा ते बघायला तो गूगलमध्ये टाकला. पहिलाच निकाल एक पीडीएफ: या गृहस्थांच्या मुलीचा बायोडेटा, फोटोसकट. माणूस भला होता. त्यानं उलट फोन केला आणि सांगितलं, “भाईसाहब, आपकी बिटिया का बायोडेटा नेट पर खुला पड़ा है।”

पुढच्या रविवारी ते कार्यालयात आले. सचिवकाकांनी आधी ऐकूनच घेतलं नाही. मोबाइल काढला, साइट उघडली, यादीवर बोट ठेवलं. लॉगिनचं पान आलं. “हे बघा, लॉगिन मागतंय की!” गृहस्थांनी आपल्या मोबाइलवरचा गूगलचा दुवा दाबला. मुलीचा फोटो उघडला. खोलीतलं बोलणं थांबलं.

मला बोलावणं आलं ते त्या दुपारी. वधू-वर मेळावा तोंडावर होता, नोंदण्या जोरात चालू होत्या, आणि नेमक्या याच दिवसांत साइट सर्वांत जास्त उघडली जाते.

तपासणीत काय सापडलं

पीडीएफचं कारण लगेच कळलं. नोंदणी करताना कुटुंबं बायोडेटाची पीडीएफ चढवत, ती ‘अपलोड्स’ नावाच्या फोल्डरमध्ये जाई, आणि तो फोल्डर वेबसाइटच्या जाहीर भागात होता. लॉगिनची तपासणी पीएचपीच्या पानांत लिहिलेली. पण पीडीएफ मागितल्यावर पीएचपीपर्यंत विनंती जातच नाही. अपाचे, म्हणजे पानं-फाइली पुरवणारा सर्व्हरवरचा प्रोग्राम, ती फाइल थेट उचलून देतो. सेशन (लॉगिन केलेल्या माणसाची सर्व्हरवरची नोंद), कुकी (ती नोंद ओळखायला ब्राउझरकडे ठेवलेली खूण), पासवर्ड यांचा त्या वाटेवर संबंधच येत नाही. त्यात फोल्डरची यादी दाखवण्याची सोय चालू होती, म्हणजे फोल्डरचा पत्ता टाकला की आतल्या सगळ्या फाइली नावानिशी ओळीनं समोर. त्याच ओळीत मागच्या मेळाव्याची छापील पुस्तिकाही होती. छापखान्याला पाठवायला कुणीतरी चढवलेली आणि तिथंच राहिलेली. एका फाइलमध्ये त्या वर्षीची सगळी स्थळं.

दुसरी गोष्ट: ‘छापा’ नावाचं पान. कार्यालयातल्या काकूंना बायोडेटा एका कागदावर नीट छापून हवे होते, म्हणून ते पान मागाहून जोडलेलं. बाकीच्या पानांच्या सुरुवातीला लॉगिन तपासणाऱ्या चार ओळी होत्या, या पानात त्या चिकटवायच्या राहिल्या होत्या. पत्ता माहीत असेल तर कुणालाही उघडेल असं पान.

तिसरी गोष्ट मात्र बघण्यासारखी. बायोडेटाच्या मुख्य पानावर तपासणी होती. सेशनमध्ये सभासद क्रमांक नसेल तर ‘हेडर’ फंक्शननं लॉगिनच्या पानाकडे पाठवायचं, असं लिहिलेलं. ब्राउझरमध्ये तपासलं की सगळं ठीक दिसे: लॉगिनविना पान उघडलं की लॉगिनचं पान समोर. मी तेच पान कमांड लाइनवरून कर्ल (ब्राउझरविना पान मागवणारं साधन) वापरून मागितलं, कुकी न देता. वर ३०२ हा आकडा आला, म्हणजे ‘दुसरीकडे जा’. आणि त्याखाली एका स्थळाचा संपूर्ण बायोडेटा, पत्ता-मोबाइलसकट, एचटीएमएलमध्ये.

असं का? ‘हेडर’ फंक्शन उत्तराच्या माथ्यावर ‘तिकडे जा’ अशी एक ओळ लिहितं, एवढंच त्याचं काम. त्यानं स्क्रिप्ट थांबत नाही. पुढच्या ओळी चालत राहतात, डेटाबेसमधून माहिती निघते, पान तयार होतं आणि त्याच उत्तरात पाठवलंही जातं. ब्राउझर सभ्य असतो. ‘तिकडे जा’ दिसलं की तो आलेलं पान न दाखवता निघतो. पाहुण्याला “आज जेवण नाही, पुढच्या घरी जा” म्हणायचं आणि सोबत वाढलेलं ताटही हातात द्यायचं, असा हा प्रकार. उपाय एका शब्दाचा: ‘हेडर’च्या पुढच्याच ओळीत ‘एक्झिट’. तो शब्द साइटवरच्या एकाही पानात नव्हता, कारण तपासणीच्या त्याच चार ओळी सगळीकडे चिकटवलेल्या.

हा दोष वर्षानुवर्षं का लपतो हे त्यावरून कळतं. ज्यानं लिहिलं त्यानं तपासलं होतं, सचिवकाकांनीही तपासलं होतं; दोघांनीही ब्राउझरमध्ये.

चौथी गोष्ट लॉगिन केलेल्यांची. बायोडेटाच्या पत्त्यात शेवटी क्रमांक येई. लॉगिन करून तो क्रमांक एक-एक वाढवत गेलं की प्रत्येक स्थळ उघडे. अगदी ज्यांनी ‘सध्या दाखवू नका’ असं सांगितलं होतं तीही, आणि लग्न होऊन गेलेलीही. तुम्ही कोण हे साइट विचारत होती. तुम्हाला हे बघण्याची परवानगी आहे का, हे विचारत नव्हती.

पासवर्ड एमडीफाइव्ह या जुन्या, आता कमकुवत ठरलेल्या पद्धतीच्या हॅशमध्ये, म्हणजे सांकेतिक रूपात, ठेवलेले होते. त्याचं पुढे सांगतो.

पहिला निर्णय: साइट बंद करायची का?

अध्यक्षांचं म्हणणं, लगेच सगळं बंद करा. काकूंचं म्हणणं, मेळाव्याच्या नोंदण्या कुठं घ्यायच्या मग? दोघांचंही बरोबर होतं.

मधला मार्ग निघाला. नोंदणीचा फॉर्म चालू ठेवायचा, कारण त्यात माहिती आत येते, बाहेर जात नाही. यादी, बायोडेटा आणि छापा ही पानं बंद, तिथं ‘दुरुस्ती चालू आहे, कार्यालयात संपर्क साधा’ एवढीच ओळ. ‘अपलोड्स’ फोल्डर जाहीर भागातून त्याच संध्याकाळी बाहेर हलवला. यामुळे काही गोष्टी मोडल्या, नवीन फोटो दिसेनात, त्या मोडू दिल्या.

कुणीतरी सुचवलं की ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’मध्ये फोल्डरचं नाव टाकून गूगलला मनाई करावी. हा सल्ला फार ऐकू येतो आणि अशा वेळी तो उलटा पडतो. ती फाइल कुणालाही वाचता येते, म्हणजे लपवायचं काय आहे याची यादी आपणच टांगतो. शिवाय गूगलला त्या पत्त्यांवर यायलाच बंदी केली, तर फाइल आता तिथं नाही हे त्याला कळणार कसं? आम्ही दुवे तुटू दिले, म्हणजे ४०४ (‘पान सापडलं नाही’) यायला लागला, आणि सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या सोयीतून ते पत्ते काढण्याची विनंती केली. ती विनंती साधारण सहा महिने दुवा लपवते. तोवर ४०४ बघून गूगल तो स्वतःहून यादीतून काढतो.

पर्याय

चार सूचना आल्या. एक तर सगळं सोडून व्हॉट्सअॅप ग्रुपवर जावं. यावर पाच मिनिटंही गेली नाहीत. बायोडेटा फॉरवर्ड होत होत कुठल्या कुठे जातात हे सगळ्यांनी पाहिलेलं.

सी-पॅनेलमधून फोल्डरला पासवर्ड लावणं ही दुसरी. दहा मिनिटांचं काम, आणि पीडीएफसुद्धा त्यात झाकल्या जातात, हा मोठा फायदा. पण सगळ्या सभासदांना एकच पासवर्ड द्यावा लागला असता आणि तो संध्याकाळपर्यंत उज्जैनच्या मावशीपासून नागपूरच्या आत्यापर्यंत पोचला असता. कुणी काय पाहिलं तेही कळलं नसतं. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड देता येतो, पण मग सभासदत्व संपलं की कोण काढणार? तरीही मधल्या काही दिवसांसाठी फक्त कार्यालयाच्या पानांवर आम्ही हाच उपाय लावला. तात्पुरता म्हणून चांगला आहे.

वर्डप्रेस (साइट बनवायची तयार प्रणाली) घेऊन सभासदत्वाचं प्लगिन, म्हणजे वरून जोडायचा भाग, टाकावं, हा तिसरा आणि खजिनदारांचा आवडता पर्याय. तोही वेडगळ नव्हता. पण अशी बरीच प्लगिनं पान झाकतात आणि मीडिया फोल्डरमधली पीडीएफ तशीच उघडी राहते. म्हणजे ज्या कारणानं हे सगळं सुरू झालं तेच नव्या घरात घेऊन गेलो असतो. शिवाय मेळाव्याच्या तोंडावर सगळी नोंदणी नव्या जागी हलवणं मला धोक्याचं वाटलं.

राहिला चौथा: आहे तोच कोड ठेवून पीएचपी सेशनची तपासणी नीट बसवणं. हा घेतला.

पीएचपी ५.६ तसंच ठेवायचं का, हा त्यातला उपप्रश्न. जुन्या कोडमध्ये मायएसक्यूएलची जुनी फंक्शनं होती, ती पीएचपी ७.० पासून काढून टाकलेली. आवृत्ती वाढवायची तर प्रत्येक क्वेरी पुन्हा लिहावी लागणार. आधी गळती थांबवायची, मेळावा होऊ द्यायचा, मग आवृत्ती, असा क्रम ठरला. हे मनाला पटणारं नव्हतं; पण दोन मोठे बदल एकाच आठवड्यात केले की बिघडलं कशामुळे ते शोधता येत नाही.

अंमलबजावणी

तपासणीच्या ओळी प्रत्येक पानात चिकटवणं हेच दुखण्याचं मूळ होतं. नवीन पान करणारा त्या विसरतो, ‘छापा’सारखं होतं. म्हणून सभासदांसाठीची सगळी पानं एका फोल्डरमध्ये आणली आणि त्या फोल्डरच्या ‘यूजर डॉट आयएनआय’मध्ये सांगितलं की कुठलंही पान चालण्याआधी तपासणीची फाइल आपोआप जोडली जावी. आता काही न करता पान बंदच राहतं. उघडं ठेवायचं असेल तर ते मुद्दाम बाहेर ठेवावं लागतं.

सेटिंग बदललं आणि काहीच झालं नाही. काका घाबरले. ती फाइल पीएचपी दर ३०० सेकंदांनी पुन्हा वाचतं, त्यामुळे पाच मिनिटं कळ काढावी लागते. पण त्या पाच मिनिटांत दुसरी शंका आली: होस्टिंगवाल्यानं उद्या पीएचपी वेगळ्या पद्धतीनं चालवायला घेतलं, तर ही फाइल वाचलीच जाणार नाही आणि तपासणी गुपचूप नाहीशी होईल. त्यावर तोड अशी: तपासणीची फाइल यशस्वी चालली की एक कॉन्स्टंट (न बदलणारी खूण) ठरवते, आणि माहिती काढणारी सामायिक फाइल तो कॉन्स्टंट नसेल तर तिथल्या तिथे थांबते. तपासणी गेली तर साइट उघडी पडायच्या ऐवजी बंद पडेल. बंद पडलेल्या साइटबद्दल दहा मिनिटांत फोन येतो, उघड्या साइटबद्दल येत नाही.

मग आला बीओएम. सेशन सुरू करायचं तर ब्राउझरकडे कुकी जावी लागते, आणि कुकी हेडरमध्ये जाते. म्हणून ‘सेशन स्टार्ट’च्या आधी एक अक्षरही बाहेर पडून चालत नाही. दोन पानांवर ‘हेडर्स आधीच पाठवले गेले आहेत’ अशी सूचना येऊ लागली. उगम पहिली ओळ. पहिल्या ओळीत तर पीएचपीच्या सुरुवातीच्या खुणेशिवाय काही नव्हतं. त्या फाइलींत देवनागरी मजकूर होता, त्या विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ (देवनागरीसकट सगळ्या लिप्या चालणारी पद्धत) म्हणून जपलेल्या, आणि जुनं नोटपॅड अशा फाइलीच्या आरंभी तीन अदृश्य बाइट घालतं; तोच बीओएम. तेच बाहेर पडत होते. मराठीत साइट करणाऱ्यांना हे हमखास भेटतं. इंग्रजीतली पानं बहुधा सुटतात कारण ती यूटीएफ-८ म्हणून जपावीच लागत नाहीत. घरच्या संगणकावर मात्र सगळं चालत होतं, कारण तिथं आउटपुट बफरिंग चालू होतं आणि बाहेर पडलेले बाइट थांबवून धरले जात होते. फाइली बीओएमविना पुन्हा जपल्या, सूचना गेली.

सेशन किती वेळ टिकावं यावर मी कल्पना केली होती त्याहून जास्त चर्चा झाली. पीएचपीची मूळ मर्यादा १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. काकूंनी सांगितलं, “अरे, आमच्या वयाची माणसं एक बायोडेटा वाचतात, मग चहा करतात, मग यांना हाक मारतात, मग दोघं मिळून पुन्हा वाचतात.” खरंच होतं. त्यातून शेअर्ड होस्टिंगवर अनेक साइटींच्या सेशन फाइली एकाच फोल्डरमध्ये असल्या, तर ज्याची मर्यादा सर्वांत कमी त्याची सफाई सगळ्यांच्या फाइली झाडते. आपण दोन तास लिहून ठेवले तरी शेजारच्याच्या २४ मिनिटांत आपला माणूस बाहेर. म्हणून सेशनच्या फाइलींना जाहीर भागाबाहेर वेगळा फोल्डर दिला.

पण ही सफाई घड्याळावर चालत नाही. ती काही विनंत्यांतून एखाद्या वेळी, नशिबानं चालते. त्यामुळे ‘दोन तासांनी बाहेर’ हे तिच्या भरवशावर सोडता येत नाही. सेशनमध्येच शेवटच्या हालचालीची वेळ लिहिली, आणि तपासणीची फाइल दर वेळी ती बघते. मोबाइलवरचा ब्राउझर तर कुणी कधी ‘बंद’ करतच नाही, म्हणजे ‘ब्राउझर बंद झाला की कुकी गेली’ हा हिशोबही कागदावरचाच.

लॉगिन झाल्याबरोबर सेशनचा क्रमांक बदलायचा, हे जुन्या कोडमध्ये नव्हतं. न बदलल्यास कुणी आधीच ठरवून दिलेल्या क्रमांकावर सभासदाला लॉगिन करायला लावू शकतो आणि मग तोच क्रमांक वापरून आत शिरतो. एका ओळीचं काम. कुकी जावास्क्रिप्टला वाचता येऊ नये आणि फक्त एचटीटीपीएसवर (सांकेतिक रूपात चालणाऱ्या सुरक्षित जोडणीवर) जावी, ही दोन बंधनंही घातली. दुसऱ्यामुळे एक दिवस गोंधळ झाला: काही सभासदांच्या बुकमार्कमध्ये जुना एचटीटीपी पत्ता होता, त्यांना लॉगिन करूनही पुन्हा लॉगिनच दिसे. सगळी वाहतूक एचटीटीपीएसवर वळवली की मिटलं.

पीडीएफ आणि फोटो आता एका पीएचपी पानातून जातात. पान फाइलचं नाव स्वीकारत नाही; बायोडेटाचा क्रमांक घेतं, परवानगी बघतं, नाव डेटाबेसमधून काढतं. नाव थेट घेतलं असतं तर दोन ठिपके आणि तिरप्या रेघा देऊन कुणीही भलत्या फोल्डरमध्ये गेलं असतं. इथं एक अनपेक्षित त्रास निघाला. एका यादीत वीस फोटो, आणि ते एकामागून एक रेंगाळत येत. पीएचपी सेशनची फाइल उघडली की तिला कुलूप लावतं. त्याच सभासदाची दुसरी विनंती पहिली संपेपर्यंत थांबते. फाइल पाठवायला लागण्याआधी सेशन लिहून बंद केलं की फोटो एकदम येऊ लागले.

पासवर्डचं काम सर्वांत शांतपणे झालं. सगळ्यांना नवीन पासवर्ड करायला सांगितलं असतं तर निम्मे सभासद परत आलेच नसते. म्हणून होते ते एमडीफाइव्हचे हॅश ‘पासवर्ड हॅश’ फंक्शनमधून पुन्हा काढले. हे फंक्शन पीएचपी ५.५ पासून आहे, त्यामुळे जुन्या सर्व्हरवरही मिळालं. लॉगिनच्या वेळी टाकलेल्या पासवर्डचा आधी एमडीफाइव्ह काढायचा, मग ताडून बघायचा. करण्याआधी डेटाबेसमधला रकाना मात्र रुंद करावा लागतो. एमडीफाइव्हची ३२ अक्षरं, नव्या हॅशची ६०. रकाना ३२ चाच राहिला तर शेपूट कापलं जातं आणि कुणीच आत येऊ शकत नाही.

कुणाला काय दिसावं

हे कोडनं ठरत नाही, समितीनं ठरवावं लागतं, आणि इथंच सगळ्यात जास्त वेळ गेला.

एक बाजू म्हणाली, स्थळ बघायलाच लोक येतात, नंबर झाकला तर पुढं जायचं कसं? दुसरी बाजू त्या देवासच्या गृहस्थांची आठवण करून देत होती. खजिनदारांनी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा विषय काढला. तो वकिलांकडे सोपवला, पण बैठकीचा सूर त्यानं बदलला. शेवटी ठरलं असं: लॉगिन केल्यावर नाव, शिक्षण, जन्मतपशील, फोटो दिसतील. पत्ता आणि मोबाइल तेव्हाच, जेव्हा समोरच्या कुटुंबानं ‘हो, कळवा’ म्हटलं असेल. ‘दाखवू नका’ म्हटलेली आणि लग्न ठरलेली स्थळं क्रमांक माहीत असूनही उघडणार नाहीत.

माझं मत विचाराल तर जन्मवेळही पहिल्या फेरीत झाकायला हवी होती. “मग पत्रिका कशी जुळवायची?” या एका प्रश्नावर मी हरलो.

परिणाम

मेळाव्याच्या आधी पानं पुन्हा उघडली. गूगलमधले दुवे हळूहळू गेले, पुस्तिकेचा सर्वांत शेवटी. ‘लॉगिन होत नाही’ असे फोन आले, त्यातले बहुतेक पासवर्ड विसरल्याचे. मोबाइल नंबरची परवानगी मागण्याची पद्धत काकूंना आधी कटकट वाटली. नंतर त्यांनीच सांगितलं की आता कुणी कुणात रस दाखवला ते कार्यालयाला आपसूक कळतं, पूर्वी लग्नाची पत्रिका हातात पडल्यावरच कळायचं. आवृत्ती बदलण्याचं काम मेळाव्यानंतर झालं, आणि त्यासोबत कुकीचं सेमसाइट बंधनही (दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंत्यांसोबत कुकी जाण्यावर मर्यादा) बसलं, जे पीएचपी ७.३ पासून सरळ देता येतं.

न सुटलेलं: एकच लॉगिन घरातले सगळे वापरतात. पुण्याचा काका, मुलगी स्वतः, आई. सेशनच्या दृष्टीनं तो एकच माणूस. तो प्रश्न सोडून दिला आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पुस्तिका किती जणांनी उतरवली, हे कधीच कळलं नाही. सी-पॅनेलमध्ये सर्व्हरच्या नोंदी जपून ठेवण्याची सोय असते, ती पहिल्या दिवसापासून बंद होती. हाती लागल्या त्या फक्त ताज्या नोंदी. एक खूण करायची होती, साइट सुरू करताना.

कुटुंबांना कळवायला उशीर झाला. समितीला वाटलं, आधी दुरुस्त करू, मग सांगू. मेळाव्यावर परिणाम नको. शेवटी संदेश गेला तो मेळाव्यानंतर. मला तो पहिल्याच आठवड्यात जायला हवा होता असं वाटतं, कारण ज्यांचा पत्ता उघडा होता त्यांना अनोळखी फोन आल्यावर सावध राहण्याचा हक्क होता. यावर समितीत आजही दोन मतं आहेत.

जुनी स्थळं कधी पुसायची, हा नियम नोंदणी सुरू करतानाच हवा होता. उघड्या पडलेल्या बायोडेटांपैकी कित्येकांची लग्नं होऊन मुलं शाळेत जाताहेत. नव्या नियमानं एक वर्ष नूतनीकरण झालं नाही की फाइल पुसली जाते. कपाटातली रजिस्टरं तशीच आहेत, त्याला काकूंनी हात लावू दिला नाही.

आणि तपासण्याची पद्धत. आता सर्व्हरवर एक छोटी स्क्रिप्ट आहे. साइटवरच्या प्रत्येक पानाचा आणि एका नमुना पीडीएफचा पत्ता तिच्यात लिहिलेला. ती कुकी न देता सगळे पत्ते मागते आणि दोनच गोष्टी बघते: आलेला आकडा ३०२, ४०३ (‘परवानगी नाही’) किंवा ४०४ आहे का, आणि खाली आलेला मजकूर रिकामा किंवा ठरलेल्या सूचनेइतकाच आहे का. दुसरी अट नसती तर ‘एक्झिट’ विसरलेलं पान ३०२ दाखवून सुटलं असतं. कोडमध्ये काहीही बदललं की ती चालवायची, असा दंडक. मध्यंतरी एका हौशी सभासदानं ‘या महिन्यात जुळलेली स्थळं’ असं पान उत्साहानं जोडलं, सभासदांच्या फोल्डरबाहेर, जावई-सुनांच्या पूर्ण नावांसकट. पानाचा पत्ता त्यानंच स्क्रिप्टच्या यादीत घातला होता, त्यामुळे पहिल्याच फेरीत २०० (म्हणजे पान उघडलं) आला आणि पान त्याच संध्याकाळी आत हलवलं.